अनाहूत नाद

गेल्या पौषांत उमरखेड येथें विद्यार्थ्यांच्या एका स्नेहसंमेलनास जाण्याचा योग आला. कार्यक्रमांत गिटारवादन होतें. पडदा वर जाण्यापूर्वीं वादक विद्यार्थ्यानें आपल्या ध्वनिवर्धकाची कळ दाबली मात्र, आणि उखळीचा बार उडावा तसा धप्पकन् आवाज होऊन सारें सभागृह दचकलें. पुढच्या रांगेंतील एका बाईंच्या मांडीवरचें मूल रडूं लागलें. त्या आवाजामागोमाग एक मंद, अखंड घूं घूं सुरू झाली, ती कांहीं केल्या थांबेना. कोणी म्हणालें, यंत्र जुनें झालें. कोणी म्हणालें, हलक्या दराचें घेतल्याचें हें फळ. एका उत्साही स्वयंसेवकानें यंत्राच्या पाठीवर दोन थापटाहि मारून पाहिल्या. इतक्यांत मंडप, दिवे व कर्णे भाड्यानें देणारे एक वयस्क गृहस्थ पुढें आले. त्यांनीं यंत्रास हात लावला नाहीं. त्या मुलास त्यांनीं एवढेंच विचारलें, "बाळा, आवाज नेमका केव्हां येतो?"

इतिहास शिकविण्यांत माझा जन्म गेला. हा प्रश्न ऐकतांच परक्या गांवांत घरचें माणूस भेटल्यासारखें मला वाटलें. एखादी घटना कां घडली, हें सांगण्याची घाई सर्वांनाच असते. पण ती केव्हां घडली, तिच्या आधीं काय होतें व नंतर काय झालें, हें ठरविल्यावांचून 'कां' या प्रश्नास हात घालूं नये, हा आमच्या शास्त्राचा पहिला धडा होय. तोच धडा त्या गृहस्थांनीं कोणत्याहि विद्यापीठाची पायरी न चढतां आत्मसात् केला होता. त्यांच्या प्रश्नाचा माग काढीत गेलों असतां या किरकोळ वाटणाऱ्या आवाजांनाहि एक इतिहास आहे, आणि प्रत्येक आवाज आपापल्या कालखंडाची खूण अंगावर वागवीत आला आहे, असें दिसून आलें. तोच इतिहास येथें थोडक्यांत सांगावयाचा आहे.

आपल्या योगग्रंथांत अनाहत नादाचा महिमा गायिला आहे. दोन वस्तूंच्या आघातावांचून जो उमटतो तो अनाहत. प्रस्तुत विषय त्याहून पुष्कळच लौकिक आहे. येथें ज्याचा विचार कर्तव्य आहे तो नाद अनाहत नसून अनाहूत आहे. म्हणजे न बोलावतां पंगतीस येऊन बसलेला.

ध्वनिवर्धक येण्यापूर्वीं हा पाहुणा आपल्या सभांना ठाऊक नव्हता. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलें तेव्हांपासून पुढें अर्धें शतक मराठी नट आपल्या गळ्याच्या बळावर शेवटच्या रांगेपर्यंत पोंचत होता. बालगंधर्वांचें गाणें ज्यांनीं भर बहरांत ऐकलें त्यांच्या कानांत व त्या गळ्यांत हवेखेरीज दुसरें कांहीं नव्हतें. कीर्तनकार, शाहीर, आणि आमच्या वऱ्हाडांतील दंडारीचे गडी यांचीहि तीच गोष्ट. प्रेक्षकांचा गलबला असे, पंख्यांची फडफड असे, बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज असे. परंतु गाणाऱ्याच्या आवाजाला स्वतःची अशी घूं घूं नसे. आवाज मोठा करण्याचें साधन मिळालें त्याच दिवशीं नकोसा आवाजहि मोठा होऊं लागला.

तें साधन म्हणजे निर्वात नलिका. आपल्याकडील कारागीर तिला व्हॉल्व्ह म्हणतात. १९०४ सालीं इंग्लंडांत फ्लेमिंग यांनीं दोन पत्र्यांची नळी केली. १९०६ सालीं अमेरिकेंत ली द फॉरेस्ट यांनीं त्या दोहोंमध्यें तारेची एक जाळी बसविली. या जाळीवर विजेचा अगदीं क्षीण चढउतार झाला तरी नळींतून वाहणाऱ्या मोठ्या प्रवाहांत तसाच चढउतार होतो. पाटाच्या तोंडाशीं बसविलेली लहानशी फळी जसा साऱ्या मळ्याचा पाणीपुरवठा कमीअधिक करते, तसाच हा प्रकार. १९१५ च्या नाताळांत प्रिडॅम व जेन्सन या जोडीनें सॅन फ्रान्सिस्को येथें आपला विजेचा कर्णा प्रचंड समुदायापुढें वाजवून दाखविला, आणि १९१९ सालीं अध्यक्ष विल्सन यांनीं सॅन डिएगो येथें अशाच कर्ण्यांच्या साहाय्यानें हजारों लोकांपुढें भाषण केलें. आपल्याकडे १९२७ च्या जुलैंत मुंबईचें आकाशवाणी-केंद्र सुरू झालें, १९३१ सालीं 'आलम आरा' व १९३२ सालीं प्रभातचा 'अयोध्येचा राजा' बोलूं लागला, आणि १९४८ सालीं नागपूरचें केंद्र उघडल्यावर विदर्भाच्या कानालाहि घरचा आवाज मिळाला.

परंतु जाळीला विवेक नसतो. गायकाचा स्वर कोणता आणि तारेंतला कचरा कोणता, हें ती जाणत नाहीं; जें येईल तें ती शतपट करून पुढें ढकलते. ही गोष्ट शास्त्रज्ञांना फार लवकर उमगली. १९१८ सालीं जर्मनींत शॉटकी यांनीं दाखविलें कीं, वीज ही अखंड धारेप्रमाणें वाहत नसून कणाकणांनीं येते, आणि पत्र्यावर गारा पडाव्या तसा त्या कणांचा सूक्ष्म आवाज नळींत होतच राहतो. १९२८ सालीं बेल प्रयोगशाळेंतील जॉन्सन व नायक्विस्ट या दोन मूळच्या स्वीडिश गृहस्थांनीं आणखी एक सत्य मांडलें: कोणत्याहि तारेंत केवळ तिच्या उष्णतेमुळें विजेची अल्पशी खळबळ सदैव चालूं असते. वर्धक पूर्ण उघडला म्हणजे जी बारीक 'सूं' ऐकूं येते तिच्यांत या दोन्ही कारणांचा वांटा असतो. ती कमी करतां येते. निःशेष करतां येत नाहीं. म्हणून दुरुस्तीस बसणाऱ्यानें आरंभींच ओळखावें कीं, कांहीं आवाज हा दोष नसून वस्तुस्वभाव आहे. 'सूं'च्या मागें लागून चांगलें यंत्र खोलणारे व बिघडवणारे लोक थोडे नाहींत.

घूं घूं मात्र निराळी. तिचा जन्म कोणत्या परिस्थितींत झाला हें पाहिलें म्हणजे तिचें कारण उघड होतें. पहिले रेडिओ बॅटरीवर चालत. त्यांत ही घूं घूं नव्हती. १९२५ नंतरच्या पांचसात वर्षांत भिंतीवरच्या विजेवर चालणारीं यंत्रें आलीं, आणि त्यांच्याबरोबर हीहि आली. आपल्याकडील वीज एका सेकंदांत ५० वेळां उलटसुलट होते. यंत्र तिला सरळ करून घेतें, व सरळ करतांना जे उंचवटे उरतात ते सेकंदाला १०० होतात. हे उंचवटे बुजविण्याचें काम मोठ्या कंडेन्सरांकडे असतें. म्हणून जाणत्या कानास दोन प्रकार वेगळे ओळखूं येतात. घूं घूं जाड व खालच्या सुरांत असेल तर ती ५० ची. म्हणजे बाहेरची वीज तारेच्या आच्छादनांतून अगर जमिनीच्या जोडणींतून आंत शिरते आहे. ती एक सप्तक वर, किंचित् कर्कश असेल तर ती १०० ची. म्हणजे आंतले कंडेन्सर थकले आहेत. या कंडेन्सरांत ओलसर द्रव्य असतें आणि उष्णतेनें तें आटतें. उष्णता १० अंशांनीं वाढली कीं त्यांचें आयुष्य जवळजवळ निम्मे होतें, असा ठोकताळा आहे. वैशाखांत पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळतो, पत्र्याच्या छपराखालीं कर्णे व वर्धक रचून ठेवलेले असतात. अशा यवतमाळसारख्या जिल्ह्यांत हीं यंत्रें लवकर कां घुमूं लागतात, याचें उत्तर यांतच आहे.

आतां गिटारकडे वळूं. १९३१-३२ च्या सुमारास अमेरिकेंत बोशँप व रिकनबॅकर यांनीं तारांखालीं लोहचुंबक व तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें बसवून विजेची पहिली व्यवहार्य गिटार तयार केली. तार हलली कीं वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते, ही त्यांतली युक्ति. मूळचे लखनौचे व्हॅन शिप्ली यांनीं मुंबईच्या चित्रपटसृष्टींत व ध्वनिमुद्रिकांतून हें वाद्य घरोघर पोंचविलें. १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेंत ब्रिजभूषण काब्रा यांच्या गिटारीनें संतूर व बांसरी यांच्या पंक्तींत मानानें बैठक मिळविली. पुढें गांवोगांवच्या वाद्यवृंदांतून विजेची गिटार महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांत गेली. परंतु तारेचें वेटोळें हें जसें वाद्याच्या तारेला ऐकतें, तसेंच जवळच्या रोहित्राला, पंख्याला आणि दिव्यालाहि ऐकतें. १९५५ सालीं गिब्सन कंपनींतील सेथ लव्हर यांनीं यावर सुंदर तोड काढली. त्यांनीं एकाऐवजीं दोन वेटोळीं बसविलीं व तीं परस्परांविरुद्ध जोडलीं. बाहेरून येणारी घूं घूं दोहोंत सारखीच शिरते व उलट जोडणीमुळें आपली आपणच खोडली जाते. चुंबकहि उलटे ठेवल्यामुळें तारांचा नाद मात्र दुप्पट होतो. शत्रूला शत्रूकडूनच मारावें, या राजनीतीचें इतकें निर्दोष उदाहरण राजकीय इतिहासांत क्वचितच सांपडेल.

राहतां राहिला तो सलामीचा धप्पकार. हा तिन्हींत वयानें लहान आहे. व्हॉल्व्हच्या यंत्रांत तो फारसा नसे. नळी तापावयास वीसतीस सेकंद लागत; प्रवाह हळूहळू चढे; शिवाय नळी व कर्णा यांच्यामध्यें रोहित्र असल्यामुळें एकाच दिशेचा प्रवाह कर्ण्यापर्यंत पोंचतच नसे. जुन्या पिढीच्या वाचकांस रेडिओ लावून चहाचा घोट घेईपर्यंत वाट पाहण्याचा काळ आठवत असेल. १९४७ च्या डिसेंबरांत बार्डीन, ब्रॅटन व शॉकली यांच्या प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर जन्मास आला, आणि ही उसंत संपली. १९५४ सालीं बंगळूर येथें स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनें साठीच्या दशकांत नळ्या व ट्रान्झिस्टर दोन्ही बनविण्यास आरंभ केला; तेव्हां ही दोन युगें आपल्या देशांत कांहीं काळ शेजारी शेजारी नांदलीं.

ट्रान्झिस्टरला तापावें लागत नाहीं. कळ दाबतांच तो कामावर हजर! पुष्कळ यंत्रांत ट्रान्झिस्टर व कर्णा यांच्यामध्यें एक मोठा कंडेन्सर असतो. कळ दाबली त्या क्षणीं तो रिकामा असतो व भरण्यासाठीं जो लोंढा येतो तो कर्ण्याच्या वेटोळ्यांतूनच जातो. कर्ण्याचा कागद एकदम पुढें फेकला जातो. तोच तो धप्प. ज्या यंत्रांत हा कंडेन्सर नसून धन व ऋण असे दोन पुरवठे असतात, तेथें आरंभींच्या अल्प काळांत त्या दोहोंचा तोल साधलेला नसतो, आणि परिणाम तोच होतो. म्हणून विचारी कारागीर कर्ण्याच्या वाटेवर एक छोटी स्वयंचलित कळ बसवितात; आंतला गोंधळ शमेपर्यंत, म्हणजे दोनतीन सेकंद, ती दार उघडीत नाहीं. गेलेली उसंत अशा रीतीनें पुन्हां विकत घ्यावी लागली. गतीच्या पाठीमागें लागून टाकून दिलेली वस्तु पुढें वेगळ्या नांवानें परत आणावी लागते, हा अनुभव केवळ यंत्रांपुरता नाहीं.

येथवर आल्यावर त्या गृहस्थांच्या प्रश्नाचें मोल ध्यानांत येतें. आवाज केव्हां येतो? कळ दाबतांच एकदाच येऊन थांबत असेल तर तो कंडेन्सर भरण्याचा. यंत्र तापल्यावर हळूहळू वाढत असेल तर कोणता तरी भाग झिजला आहे. कान्या पिळतांना खरखर होत असेल तर कान्याखालच्या कोळशाच्या पट्टीवर धूळ बसली आहे, अगर जेथें केवळ नादाची वीज यावी तेथें दुसरी वीज पाझरत आहे. वायर खोंचतांना फाड् असा आवाज येत असेल तर आवाज उघडा ठेवून खोंचणाऱ्याची चूक. कारण गिटारच्या वायरचें तें पितळी टोंक एकोणिसाव्या शतकांत टेलिफोन जोडणाऱ्यांसाठीं केलेलें आहे, आणि आंत सरकतांना त्याचें नाक बोटास व पत्र्यास स्पर्श करीत जातें. गिटारची वायर काढतांच आवाज थांबत असेल तर यंत्र निर्दोष. दोष वायरींत किंवा वाद्यांत. आणि कोणीहि कांहींहि न करतां मधूनच टक् होत असेल तर शेजारचा पंप अगर शीतपेटी सुरू झाली असें समजावें. पैनगंगेच्या कांठीं ओलिताच्या हंगामांत हा शेवटचा प्रकार विशेष आढळतो.

उमरखेडच्या त्या सभागृहांत पहिल्या प्रश्नाचें उत्तर लवकर मिळालें. गिटारच्या यंत्रासमोर एक मायक्रोफोन ठेवलेला होता आणि सभागृहाचे मोठे कर्णे आधींच चालूं होते. यंत्राचा स्वतःचा धप्पकार लहानच होता. मोठ्या कर्ण्यांनीं त्याची तोफ केली. "सर, हा थोडा राहणारच," ते मला म्हणाले, "पण वाद्याचं यंत्र आधी लावायचं, मग मिक्सर, अन् मोठे कर्णे सगळ्यांत शेवटी. बंद करताना उलटं, मोठे आधी." क्रम बदलला, धप्पकार गेला. एक पैचा खर्च झाला नाहीं.

घूं घूं मात्र राहिली. तेव्हां त्यांनीं त्या मुलास दुसरा प्रश्न विचारला: गातांना मायक्रोफोनला ओठ लागले तर झिणझिण्या येतात काय? मुलगा हंसला व म्हणाला, "हो काका, नेहमीच येतात. सवय झाली आहे." त्या वृद्ध गृहस्थांचा चेहरा एकदम बदलला. त्यांनीं सारी वीज बंद करविली, यंत्राची पिन काढून हातांत घेतली व माझ्यापुढें धरली. तीन कांट्यांपैकीं वरचा जाड कांटा मुळांतून कापलेला होता. चौकशी करतां कळलें कीं, मागील वर्षीं दुसऱ्या एका कार्यक्रमांत अशीच घूं घूं होत होती. तेव्हां कोणी माहीतगारानें हा कांटा कापल्यावर ती थांबली, म्हणून सर्वांनीं त्याची पाठ थोपटली होती.

हें असें कां घडतें, तें समजावून घेण्यासारखें आहे. दोन यंत्रें दोन वेगवेगळ्या बोर्डांवर लावलीं म्हणजे दोघांच्या अर्थिंगच्या तारा जमिनीकडे निरनिराळ्या वाटांनीं जातात, आणि त्या दोहोंमध्यें एक मोठें वर्तुळ पूर्ण होऊन त्यांत ५० ची घूं घूं फिरूं लागते. एका यंत्राची जमीन तोडली कीं वर्तुळ तुटतें व आवाज थांबतो. योग्य उपाय म्हणजे सर्व यंत्रांना एकाच बोर्डावरून वीज देणें, किंवा नादाच्या वायरींत लहानसें रोहित्र घालून दोघांना अलग करणें. जमीन तोडणें हा उपाय नव्हे. अर्थिंगची तार नादासाठीं नसतेच. ती माणसासाठीं असते. यंत्राच्या आंत कोठें वीज पत्र्यास लागली, तर तिनें माणसाच्या देहांतून न जातां त्या तारेनें जमिनींत जावें व वाटेंत फ्यूज उडवावा, एवढ्यासाठीं ती असते. ती तोडली म्हणजे गिटारच्या तारा वाजविणाऱ्याच्या एका हातांत, मायक्रोफोन त्याच्या ओठांशीं, आणि मध्यें जमिनीकडे जाण्याचा मार्ग म्हणून त्याची छाती!

ही भीति काल्पनिक नाहीं. १९७२ सालच्या मे महिन्याच्या ३ तारखेस वेल्समधील स्वान्सी येथें लेस्ली हार्वे या २७ वर्षांच्या स्कॉटिश गिटारवादकाचा रंगमंचावर प्रेक्षकांदेखत विजेच्या धक्क्यानें अंत झाला. ज्या मायक्रोफोनला त्याचा स्पर्श झाला त्याचें अर्थिंग नव्हतें. १९७६ सालीं इंग्लंडांतच कीथ रेल्फ हा दुसरा नामांकित कलावंत घरीं गिटार वाजवीत असतां अशाच कारणानें गेला. त्या देशांत अशी दशा, तर जेथें उघड्या तारांचीं टोंकें कांडीपेटीच्या काड्यांनीं बोर्डांत ठोकून बसविण्याची चाल अद्यापि आहे, आणि अर्थिंगचा खड्डा मीठ-कोळसा घालून एकदा बुजविला कीं उन्हाळ्यांत त्याला तांब्याभर पाणी घालण्याचीहि आठवण कोणास राहत नाहीं, तेथें किती तरुण केवळ दैवबळावर वाचत असतील, याचा विचार केला म्हणजे अंगावर कांटा उभा राहतो.

त्या रात्रीं गिटारवादन अर्धा तास उशिरां झालें. गृहस्थांनीं स्वतःच्या पेटींतून नवी तीन कांट्यांची पिन काढून बसविली, सर्व यंत्रें एका बोर्डावर घेतलीं व सभागृहामागील अर्थिंगच्या खड्ड्यांत दोन बादल्या पाणी ओतविलें. घूं घूं जवळजवळ नाहींशी झाली. झिणझिण्या मुळींच उरल्या नाहींत. बारीक 'सूं' तेवढी राहिली; ती जॉन्सनसाहेबांची, तिला इलाज नाहीं. मुलानें गिटार छान वाजविली. टाळ्या त्याला मिळाल्या, हें योग्यच झालें. पण मागच्या बाकावर बसून वायरींचीं भेंडोळीं करणाऱ्या त्या माणसाकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं, हें मात्र मनास लागलें.

उमरखेड तालुक्याच्या सीमेवर पैनगंगा सहस्रकुंडाच्या कड्यावरून उडी घेते. पावसाळ्यांत तो आवाज दुरून ऐकूं येतो, आणि त्या कांठचे लोक त्याच्या चढउतारावरून नदीला पूर किती आहे तें सांगतात. तो आवाज नकोसा आहे असें त्यांच्यांतील कोणी म्हणणार नाहीं. कारण तो त्यांना कांहीं सांगतो. यंत्राचा अनाहूत नादहि असाच कांहीं सांगत असतो. तो बंद करणें ही एक गोष्ट आणि त्याचें कारण दूर करणें ही दुसरी; पहिली सोपी असते, लगेच टाळ्या मिळवून देते, आणि कधीं कधीं जीव घेते. ज्या घरीं मुलाबाळांसाठीं अशीं वाद्यें आलीं आहेत, त्या घरच्या वडील मंडळींनीं आज सायंकाळीं एवढेंच करावें: यंत्राची पिन काढून पाहावी, आणि तिचा तिसरा कांटा जागेवर आहे कीं नाहीं, याची खात्री करून घ्यावी.